हळद लागलेला हार्नेस

उलवे,
दिवाळीच्या आदल्या आठवड्यात

तीर्थस्वरूप मानसिंगमामांस, उत्कर्षाचा उलव्याहून दंडवत. आम्ही सगळे ठीक. तुमचा पाय कसा आहे? मामी फोनवर म्हणाल्या, बरा आहे. तुम्ही त्यांच्या हातून फोन घेऊन म्हणालात, उत्तम आहे. म्हणजे अजून दुखतो.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. विमानाच्या पंखावर चढून दुरुस्ती. पंख वरून निसरडा, म्हणून आधी हार्नेस घालायचा (खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती आवळलेले पट्टे), त्याच्या दोरीचा पोलादी आकडा छताखालच्या तारेत अडकवायचा, मगच पाऊल टाकायचं. नवा हार्नेस मिळाला तो मी हौसेनं घरी दाखवायला आणला. नेमका खंडेनवमीला. सासूबाईंनी विळी आणि शिलाई मशीन यांच्या शेजारी त्यालाही पाटावर मांडलं आणि हळदकुंकू लावलं. हळद तेलात कालवून. (आमच्या रंगूबाई सासूबाईंचं काही अर्धवट नसतं.)

कामावर नमिता मॅडमनी (आमच्या सुरक्षा अधिकारी) पट्टा उलटून पाहिला. हे कसलं केमिकल? हळद. कुणी टाकली? सासूबाईंनी. मॅडमनी शांतपणे कात्री काढली. डागाखाली पट्टा कमजोर झाला तर वरून कळत नाही. म्हणून तो बाद, आणि बाद झालेला कुणी चुकून घालू नये म्हणून कापायचाच. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "माझ्या हळदीनं पट्टा खराब होतो? लग्नात तुला एवढी फासली, तू झालीस का खराब?" जेवणानंतर निकाल लागला: बिनपूजेच्या पट्ट्यावर आमची सून लोंबकळणार नाही. पूजा केली तर मॅडम चढू देईनात, नाही केली तर सासूबाई. मी जमिनीवर, विमानाची चाकं पुसत.

मग घरच्यांना हँगर (विमानदुरुस्तीची मोठी शेड) दाखवायचा दिवस आला. मॅडमनी सासूबाईंना हार्नेस चढवला (नऊवारीवर तो माझ्यापेक्षा चांगला बसला) आणि सरावाच्या चौकटीला टांगलं. पाय जमिनीपासून वीतभर वर. एकदा ओरडल्या. मग झुलल्या. "अगं, धरतंय की गं हे!" उतरायला तयार होईनात; मागे रांग लागली. उतरल्यावर त्यांनी माझ्या दोरीचा आकडा हातात घेतला आणि चंचीतून कुंकू काढलं. मॅडमनी आकडा पाहिला, बोट पाहिलं. म्हणाल्या, "पोलादावर टिकली चालेल. पुसता येते. तेल नको हं आजी."

आता मी पुन्हा पंखावर आहे. तिथून खाली पाहताना फार बरं वाटतं, मामा.

तुमची,
उत्कर्षा

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. आकाशकंदील लावायला यंदा जांभळीच्या शेंड्यावर चढू नका. गेल्या दिवाळीचा पाय अजून बरा व्हायचा आहे.

ता. क. २. तुम्ही ऐकणार नाही हे मी घरात बोलून बसले. सासूबाई शनिवारी साताऱ्याला निघताहेत. नवा हार्नेस सोबत आहे. तुमचं माप कळवू नका. तो त्यांच्या मापाचा आहे. तुम्ही खाली उभं राहून कंदील द्यायचा.