आठ रंगांच्या तारा

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं, काळजी नको.

गोदाम बंद पडल्यावर मी संगणक एकमेकांना जोडायचा कोर्स धरला, हे तुला ठाऊकच आहे. पहिल्या दिवशी वर्गातली पोरं मला सर समजून उभी राहिली! पुस्तक डोक्यावरून जातं, पण हाताने करायचं आलं की मी रमतो. एका केबलच्या पोटात आठ रंगीत तारा असतात. त्या ठरलेल्या क्रमाने प्लगमध्ये बसवायच्या. एक जरी चुकली, तरी संगणक मुके.

काल बाईंनी मुद्दाम बिघाड करून ठेवला आणि शोधायला सांगितला. सगळे पडद्यात डोकं खुपसून बसले. मी केबलचं टोक उजेडात धरलं, तर हिरव्या तारेच्या जागी निळी! नवं टोक बसवलं आणि जोडणीचे दिवे लागले.

बाई म्हणाल्या, "नजर बारीक आहे तुमची. कुठे शिकलात?"

"ताईकडे," म्हटलं. दुपारी तू भरतकामाला बसायचीस आणि मी रेशमाचा गुंता सोडवून रंगवार लड्या लावायचो. चुकलो की टपली मिळायची. आता टपली मारायलाही कुणी नाही गं.

परीक्षा सोमवारी आहे. मागच्या खेपेला मी नापास झालो होतो. आईला बोललो नाही, तुलाही नाही. आज लिहून मोकळा झालो.

आता तूही, डॉक्टर तुझ्या डोळ्यांबद्दल काय म्हणाले, ते खरंखरं कळव.

तुझाच,
धाकटा