जवळचं माणूस

३ फेब्रुवारी, मंगळवार

आले बाई एकदाची भिवंडीत! कराडहून निघताना आईचा चेहरा असा झाला होता, जणू मी नोकरीला नाही, काळ्या पाण्यावर चालले आहे. इथे बघते तर नारपोलीतली, घरमालक केसरीनाथकाकांच्या घरावरची खोली झकास आहे. खिडकीत तुळस, नळाला पाणी, आणि आल्या आल्या काकूंनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढ्यात ठेवली. दोन घास जास्तच गेले.

एकच गोष्ट, आवाज. घराच्या तिन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने. दिवसरात्र खटाखट, खटाखट. पेल्यातलं पाणीसुद्धा थरथरतं. काका म्हणाले, चार-आठ दिवसांत कान सरावतात. मग शुक्रवारी लूम बंद राहिले की उलट करमत नाही. मी मनात म्हटलं, करमत नाही म्हणे! मी तर शुक्रवारची वाटच बघणार आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

धामणकर नाक्यावरच्या केंद्रात हजर झाले. काम माझ्या आवडीचं आहे. गावोगावची मनाने खचलेली माणसं, आणि त्यांच्याशी आम्ही फोनवरून बोलायचं. खर्च सगळा सरकारचा, माणसाने फक्त फोन उचलायचा.

केंद्रप्रमुख भाविक सर सज्जन आहेत, पण नियम सांगताना आरतीला उभे राहिल्यासारखे डोळे मिटतात. पहिलं बोलणं चित्रासकट झालंच पाहिजे. पुढे नेट नसेल तर नुसता आवाज चालेल. समोरचं माणूस कुठे बसलंय, खोलीत दुसरं कोण आहे, हे प्रत्येक वेळी विचारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘जवळचं माणूस’. काही बरंवाईट झालं तर धावत पोचेल असं कुणीतरी. त्याचं नाव भरल्याशिवाय संगणक पुढे सरकतच नाही. समोरच्याची अवस्था वाईट असेल तर जवळच्या माणसाने फोन हातात घेईपर्यंत आपण फोन ठेवायचा नाही. त्याला म्हणायचं, ‘यांना तुमच्या ताब्यात देते.’ त्याने हो म्हटलं की आपण सुटलो.

आम्हालाही हाच नियम. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी ऐकून आपलंच मन ढासळलं तर सरांना फोन करायचा, आणि आमचं जवळचं माणूस येईपर्यंत ते फोनवर थांबणार. माझं या गावात कोण? काकांची ओळख कालची. सर म्हणाले, सध्या रिकामं राहू दे, एखादं नाव नंतर भरू.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज पहिली रुग्ण. मेघाली, कोन गावाच्या पुढच्या एका गावातली. वय चोविसाच्या आसपास, पदरात तीन महिन्यांची मुलगी. नवरा हरेश कापडाचा टेम्पो घेऊन सुरतेला जातो, तिकडे चार-चार दिवस अडकतो. बाळंतपणानंतर मेघालीला झोप नाही, भूक नाही. मध्येच शांतपणे म्हणाली, पोरीला उचलून खाडीकडे चालत सुटावंसं वाटतं. मी आवाज हलू दिला नाही.

तिने फोन फिरवून खोली दाखवली. खाट, झोळी, भिंतीवर हार घातलेला कुठलासा फोटो. दुसरं कोणी नव्हतं. जवळच्या माणसाचं विचारलं तर म्हणाली, कोन न्हाय. शेजाऱ्यांशी कुंपणावरून भांडण, माहेर लांब. नाव नसेल तर बोलणंच पुढे जाणार नव्हतं, आणि अशा अवस्थेत तिला सोडणार कशी? मी चांगलाच आग्रह धरला. घरातलं कुणीतरी असेलच की, एक नाव सांगा म्हटलं. बराच वेळ ती भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘चंद्रा. सासू माझी.’ गाडी पुढे सरकली.

शेवटी मी म्हटलं, फोन सासूबाईंकडे द्या. ती काहीतरी सांगायला लागली आणि चित्र थिजलं. तेवढ्यात बाईचा आवाज आला, जाडसर, गोड. ‘मी हाय. बघते तिला.’ मी नियमाप्रमाणे म्हटलं, यांना तुमच्या ताब्यात देते. तिने विचारलं, ‘दिलीस?’ मी म्हटलं, हो, दिली.

सासू हजर, आणि सून म्हणते कोणी नाही! घरोघरी मातीच्या चुली. मला हसूच आलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मेघालीशी आज नुसत्या आवाजावर बोलले, कारण तिचं नेट चालत नव्हतं. एका शब्दात उत्तरं देत होती. जेवलीस का? हो. झोपलीस का? न्हाय. खोलीत कोण आहे? यावर गप्प.

सासूबाई मात्र तत्पर. मी हाक मारायच्या आत फोनवर. ‘बघते तिला. पोरीला पन बघू?’ मी म्हटलं, अहो, विचारताय काय, नात तुमचीच! दोघींना बघा. ‘दिलीस?’ दिली, दिली.

भाविक सरांना सांगितलं, अशी सासू सगळ्यांना मिळो. त्यांनी मान डोलावली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज मेघालीचा आवाज इतका बारीक की कान फोनला चिकटवून ऐकावा लागला. म्हणाली, दाराबाहेर जाऊ देत नाही. कोण? सांगेना. मी सासूबाईंवर चिडले. काळजी म्हणजे कोंडून घालणं नव्हे, हे त्यांना सुनावलंच.  पलीकडून अगदी थंडपणे, ‘तूच दिलीस ना?’

एक गोष्ट मनातून जात नाही. पहिल्या दिवशी बाळ सारखं किरकिरत होतं. आज एकदाही रडलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लूम बंद. काका म्हणाले ते खरं निघालं, करमत नाही. आवाज गेला की भिंती पुढे सरकल्यासारख्या वाटतात. माझी आठवड्याची सुट्टी असून मेघालीला फोन केला, नियमात बसत नव्हतं तरी. सासूने उचलला. पोरी निजल्यात म्हणाली. पोरी. सुनेला आणि नातीला मिळून पोरी म्हणाली असेल.

असेलच.

१६ फेब्रुवारी, सोमवार

 लिहिलं नाही तर मला वेड लागेल.

मेघालीच्या गावची आशाताई विनिता केंद्रात आली होती. गावात घरोघर फिरून तब्येती बघणं हे तिचं काम. मी म्हटलं, मेघालीच्या सासूशी जरा बोला, सुनेला कोंडून ठेवते. विनिताताईंनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, कोणती सासू? चंद्राबाय कार्तिकात गेली. बाळ झालं तेव्हा तिचा दहावा सुद्धा झाला नव्हता. फोटो लावलाय की घरात.

फोटो. हार घातलेला.

मी सगळं सांगितलं. नाव मागितलं, तिने दिलं, आवाज आला, मी ‘दिली’ म्हटलं.  विनिताताई हळूच म्हणाल्या, ‘गेलेल्या मानसाला वरसभर नाव घेऊन काम सांगायचा न्हाय, बाय. ते करायला येते.’ मी विचारलं, चंद्राबाय वाईट होती का? नाही म्हणाल्या, फार मायेची. सुनेला फुलासारखं जपायची. म्हणूनच तर सोडणार नाही. घेऊनच जाईल, जिथे आता ती स्वतः आहे तिथे.

मेघालीने नाव का दिलं? कारण मी सोडेचना. बिचारीला खोटं नाव सुचलं नाही, भिंतीवर जे दिसलं ते सांगितलं. आणि तिला मी माझ्या तोंडाने देऊन टाकलं. लेकरासकट.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सरांना नाव बदला म्हटलं. ते म्हणाले, बदलता येतं, पण नवं माणूस रुग्णापाशी हजर हवं आणि स्वतःच्या तोंडाने हो म्हणायला हवं. का बदलायचं, ते सांगितलं नाही. सांगून काय, मलाच घरी पाठवलं असतं.

विनिताताई उद्या तिथे जाऊन हो म्हणायला तयार झाल्या. घाबरल्या आहेत, पण तयार झाल्या. हरेशला फोन लागत नाही. मेघालीने फोन उचलला. नुसता श्वास. बाळ? ‘दूध घेत न्हाय. डोले उघडे हायत, पन माझ्याकडं बघत न्हाय. तिच्याकडं बघते.’

उद्या जमलं नाही तर या दोघी जातील. माझ्यामुळे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दोघी वाचल्या. आधी हे लिहिते. वाचल्या!

विनिताताई दुपारी तिच्या घरी पोचल्या, चित्र सुरू केलं. मेघाली खाटेवर, हाडं वर आलेली, बाळ उराशी. भिंतीवर खिळा होता. हार होता. फोटो नव्हता.

मी संगणकातून चंद्राबाईचं नाव काढलं, विनिताताईंचं घातलं. त्या मोठ्याने म्हणाल्या, मी हाय, माझ्या ताब्यात द्या. मी म्हटलं, दिली, दोघींना दिली. आणि मधूनच तो आवाज. रागावलेला नाही, रडवेला. ‘मंग मी आता कोनाला बघू?’

झोळी आपोआप हलायला लागली. मेघाली उठून दाराकडे निघाली, बाळाला घेऊन, झोपेत चालावं तशी. विनिताताई तिला धरत होत्या, धरवत नव्हती. दार उघडंच होतं आणि पुढे खाडी. मी इतक्या लांबून काय करणार? माझ्याकडे फक्त आवाज. ओरडले, ‘सोडा तिला! बघायचंच असेल तर मला बघा. मलाही इथे कोणी नाही!’

मेघाली दारातच मटकन बसली. आणि बाळ रडलं. काय रडलं! खणखणीत. मीही रडले.

विनिताताई मात्र रडत नव्हत्या. फोनकडे बघून म्हणाल्या, ‘हे काय बोलून बसलीस, बाय?’

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मेघाली जेवली. हरेश परत आला. आनंद आहे, खरंच आहे.

सकाळी माझ्या अंथरुणाची घडी घातलेली होती. मी घातली नव्हती.

भाविक सरांना म्हटलं, माझी रिकामी जागा भरा, केसरीनाथकाकांचं नाव घाला. ते म्हणाले, काकांनी स्वतः हो म्हणायला हवं. घरी आले तर खाली कुलूप. काका-काकू एकवीरेला, कार्ल्याला गेलेत. फोन लागत नाही. उद्या येतील.

बाहेर खटाखट चालू आहे. चालू राहू दे. राहू दे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लूम बंद.

मला विसरच पडला होता, आज शुक्रवार.

दुपार. ऊन आहे. भ्यायचं काही नाही. दाराला आतून कडी. काका अजून नाहीत. मी चहा केला नाही, पण ओट्यावर चहाचा कप – वाफ येतेय –

कराडला जायचं. पिशवी भरली. वळून बघितलं तर रिकामी, कपडे परत कपाटात. नीट घड्या घालून. बाहेर जाऊ देत नाही, मेघाली म्हणाली होती –

कडी निघत नाही.

आईला फोन. लागत नाही. भाविक सरांना लागला. देवा! सगळं बोलले, सगळं. ते शांत. म्हणाले, घाबरू नका नेत्रा, नियम आहे ना, तुमचं माणूस येईपर्यंत मी फोन ठेवणार नाही. फोन टेबलावर ठेवलाय, आवाज मोठा करून. लिहीत राहा म्हणाले, मन थाऱ्यावर राहतं. लिहितेय.

कोणाला बोलावताय? विचारलं. म्हणाले, तुमची रिकामी जागा भरली की आज सकाळी. एका बाईंनी स्वतः फोन केला, स्वतःच्या तोंडाने हो म्हणाल्या. फार मायेच्या वाटल्या. त्यांनाही या फोनवर घेतलंय.

नाव विचारलं. सर, नाव काय –

खाट करकरली. मी खुर्चीवर आहे.

सर म्हणताहेत, त्या पोचल्यासुद्धा. किती तत्पर! आता मी ठेवू का?

नको सर. नको. मी ओरडतेय, त्यांना ऐकू जात नाही. ते आता माझ्याशी बोलतच नाहीत. दुसऱ्याच कुणाला तरी, अगदी आदराने – हो, हो ताई, नेत्राला तुमच्या ताब्यात –