महानगरातली हरणं

रविवार, २० ऑगस्ट २०१७

संध्याकाळी शहरातल्या मराठी मंडळाच्या साठ्यांचा फोन. "अभिनंदन! जनगणनेत तुमचं खेडं आता विनिपेग महानगरात धरलंय. यंदा गणपतीची एक आरती तुमच्याकडे करू."

का धरलंय? तर इथले निम्मे लोक तिकडे कामाला जातात म्हणून. माणूस पोटासाठी जाईल तिथला होतो म्हणे!

दरवर्षी आरतीला बोलावलं की हेच साठे म्हणायचे, "फार लांब हो, हायवेवर हरणं आडवी येतात." बाप्पा उंदरावर बसून येतो, आणि यांना हरणांची भीती! ती हरणं आता आकडे वाचून बाजूला होणार?

नाहीच म्हणणार होतो. पण हिने फोन ऐकत ऐकतच मोदकाचा साचा काढला. किती वर्षं वाट पाहिली बिचारीने.

"या," म्हटलं. "हरणं मात्र अजून तिथंच आहेत."