भिंतीत गेलेली तार

मंगळवार, ११ मार्च. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे. कपाट भिंतीपासून ओढून त्याच्या मागे बसलो आहे आणि बाबांची एक कोरी पाटी मांडीवर घेऊन तिच्यावर कागद ठेवून लिहितो आहे.

ती. काकांस,

नमस्कार. तुमची तब्येत उत्तम आहे असे धरून चालतो, कारण काल मी दार वाजवले तेव्हा "घरात कोणी नाही" हे तुम्ही चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलेत. म्हणून पत्र पिशवीत घालून तुमच्या कडीला अडकवतो आहे. पिशवीत एक लहान पांढरी डबीही आहे. ती कचरा समजून टाकू नका.

विषय आमच्या इंटरनेटचा आहे. मी जुन्या कागदपत्रांचे टायपिंग करतो. कागदांचे फोटो येतात, ते टाइप करून संध्याकाळी आठच्या आत परत पाठवायचे. शाळा नववीत सुटली, पण तुमच्या दोघांच्या दुकानात पाट्या रंगवताना तुम्ही माझ्याकडून शुद्धलेखन घोटून घेतलेत, त्याच्यावर आज पोट चालते. आधी कॅफेत जाऊन बसायचो. दोन महिन्यांपूर्वी घरी नेट घेतले आणि तेव्हापासून काम एकदाही धड वेळेवर गेलेले नाही. दिवसभर ते गोगलगायीसारखे सरकते आणि सातनंतर मध्येच मरते, की पाठवणे पुन्हा पहिल्यापासून. काम देणाऱ्या मालकीणबाई म्हणाल्या, आणखी एकदा उशीर झाला तर दुसरा माणूस बघू.

कंपनीला फोन करून करून थकलो. दर वेळी नवी मुलगी आणि तोच सल्ला, मोडेम बंद करून चालू करा. शेवटी लाइनमन आला. बाहेरची तार घरात येते तिथली पहिली पेटी त्याने उघडली, पुढे जाणाऱ्या सगळ्या तारा सोडवल्या आणि मोडेम थेट तिथे लावला. नेट पळायला लागले. तारा परत जोडल्या, नेट आडवे. "आमची लाइन ठणठणीत आहे. दुखणं तुमच्या घरात आहे," म्हणाला, आणि सही घेऊन चालता झाला.

मग मीच एकेक तार सोडवत बसलो. पेटीतून चार तारा निघतात. एक मोडेमची, एक बाबांच्या खोलीतली, एक स्वयंपाकघरातली. चौथी कपाटामागून भिंतीत शिरते. भिंत म्हणजे तुम्ही दोघा भावांनी हॉलच्या मधोमध घातलीत ती. तुम्ही भांडी वाटलीत, ब्रश वाटलेत, रंगाचे अर्धे डबेसुद्धा वाटलेत, पण आजीच्या खोलीतल्या फोनची तार कापायची कोणाला आठवण झाली नाही. गवंड्याने तिच्यावरूनच गिलावा मारला. आजीची खोली म्हणजे आता तुमचे स्वयंपाकघर.

बोलणे आणि नेट एकाच तारेतून येतात. म्हणून प्रत्येक फोनला एक फिल्टर लावावा लागतो, नाहीतर कोणी रिसीव्हर उचलला की नेट तुटते. आमच्या दोन्ही फोनना फिल्टर आहेत. तरीही बाबांनी संध्याकाळी आत्याला फोन लावला की मिनिटभरात नेट जायचे. शनिवारी मी स्वयंपाकघरातला फोन हळूच उचलला. बाबा बोलत होते, आत्या बोलत होती, मागे तिसऱ्याच कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता, आणि मध्येच साडेसातचा टोल पडला. आमच्याकडे टोलांचे घड्याळ नाही. ते वाटणीत तुमच्याकडे गेले.

बाबांना सांगितले. वाटले, आता भडकणार. ते ब्रश पुसत राहिले.

"माहीत आहे मला," म्हणाले. "तो श्वास त्याचाच. लहानपणापासून नाक चोंदलेलं."

"कधीपासून?"

"भिंत झाली त्या आठवड्यापासून."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तो बोलला का?"

म्हटले, मी तार कापतो, नाहीतर माझे काम जाईल. तर म्हणतात, "काम दुसरं मिळेल. त्या तारेला हात लावायचा नाही."

काका, आता तुम्हीच सांगा. भिंतीच्या अलीकडे एक हट्टी, पलीकडे दुसरा, आणि मधल्या गिलाव्यात माझा पगार चिणलेला. बाबा आत्याला जे सांगतात त्यातले निम्मे तुमच्यासाठी असते, हेही मला आता कळले. गच्चीवरची टाकी गळते, प्लंबर बुधवारी येणार, हे दुसऱ्या गावात राहणाऱ्या आत्याला कशाला? पण त्या बुधवारी गच्चीचे तुमच्या बाजूचे दार सकाळपासून उघडे होते.

इथपर्यंत लिहून मी उठलो, हात धुतले, पाणी प्यायलो, उगाच कपाटाचे पाय पुसले. पुढचे लिहायचे नव्हते.

बाबा फोनवर सगळे सांगतात, एक सोडून. त्यांचा आवाज बसला आहे हे तुम्ही ऐकलेच असेल. आत्याला ते सर्दी म्हणतात. सर्दी नाही. घशात गाठ आहे. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन आहे. गाठ निघेल, पण आवाज राहील की नाही हे आत्ताच सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. यातले काहीही फोनवर बोलायचे नाही अशी मला सक्त ताकीद आहे. का, असे विचारले तर म्हणाले, "तो ऐकतो ना. रात्र रात्र झोपायचा नाही."

पत्राबद्दल त्यांनी काही बजावलेले नाही, म्हणून लिहितो आहे.

पिशवीतली डबी म्हणजे फिल्टर. फोनची वायर डबीत घाला आणि डबी भिंतीवरच्या सॉकेटात. एवढेच. मग तुम्ही हवे तितका वेळ ऐका, माझे नेट तुटणार नाही. पण शुक्रवारनंतर त्या तारेतून कोणाचा आवाज येईल ते मला माहीत नाही. आज, उद्या आणि परवा बाबा सातला फोनवर असतील. नुसता श्वास घेऊ नका.

तुमचा, भिंतीच्या अलीकडे राहिलेला,
पुतण्या

ता. क. हिशेब. लाइनमनची फेरी, दोष घरातला निघाल्यामुळे आपल्या माथी: तीनशे. ते मी भरले. तुमचा फिल्टर: एकशे ऐंशी. हे तुमच्याकडून येणे आहे. माझ्याकडे पाठवू नका, मी घेणार नाही. बाबांच्या हातात द्यायचे, गुरुवारच्या आत.