होडीतलं मखर

गंगापूर धरण,
ता. २१ नोव्हेंबर १९९९

ती. सौ. मनीषाताईस,
जीवनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

भाऊबीज करून तू देवळ्याला सुखरूप पोचलीस हे भाऊजींच्या फोनवरून कळलं. आबांचा खोकला बरा आहे, पण बोलणं तसंच. शेवंतीची खुडणी सोडून मी धरणावर होड्या पुसायला जातो, हे त्यांच्या अजून पचनी पडलेलं नाही.

तुला सांगितलं होतं ना, धरणावरच्या बोट क्लबने मला एक मोडकी शिडाची होडी दिली आहे. ती जानेवारीच्या शर्यतीआधी पाण्यावर चालवून दाखवली, तर मला तिथे कायम करणार आहेत. क्लबच्या साहेबांनी तसा शब्द दिलाय. नाहीतर पुन्हा आबांच्या मागे फुलांच्या पाट्या उचलायच्या आहेतच. शिडाला जुन्या रेनकोटाचं ठिगळ लावलं, आणि शीड ताठ राहावं म्हणून त्यात बांबूच्या कामट्या घातल्या. विकतच्या वस्तू मुंबईहून येतात, त्यांच्या किमतीचं नाव नको.

आता भाऊजींची गरज आहे. होडी पाण्यापर्यंत ढकलत न्यायला दोन चाकांचा गाडा लागतो, त्याला इथे डॉली म्हणतात. जुन्या लुनाची चाकं मी मिळवली आहेत. कांद्याच्या ट्रॉल्या करून उरलेला पाइप असेल तर भाऊजींनी वेल्डिंग करून द्यावं. सोबत चित्र काढलंय. ते बघून हसू नये असं त्यांना सांग.

भाच्याला पापा. माया आहेच, ती उतू जाऊ दे.
तुझा,
जीवन


देवळा,
ता. १२ डिसेंबर १९९९

चि. जीवन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं चित्र बघून हे हसलेच. ही डॉली आहे की तिरडी, असं विचारत होते. मी त्यांना चांगलं झापलं, असलं अभद्र बोलू नये म्हणून. पण दुसऱ्याच दिवशी दुकानात बसून त्यांनी वेल्डिंग केलंय, आणि होडीला ओरखडा येऊ नये म्हणून वर टायरचे पट्टे बसवलेत. पुढच्या आठवड्यात टेम्पो नाशकात येतोय, त्यातून पाठवतो.

होडीच्या नाकातला हवेचा कप्पा फुटलाय आणि चीर मोठी आहे, ठिगळाला आतून टेकू मिळत नाही, असं तू फोनवर म्हणालास. त्यावर मला एक सुचलंय. आपल्या गणपतीचं थर्माकोलचं मखर माळ्यावर पडून आहे. बाप्पाची वस्तू, उकिरड्यावर टाकवत नाही आणि नदीत सोडलं तर बुडत नाही. त्याचे तुकडे कप्प्यात ठासून भर आणि वरून तुझं ते फायबरचं ठिगळ लाव. टेकूही होईल आणि होडी तरंगेलही. देवाचं मखर आहे, तुला बुडू देणार नाही. डॉलीसोबतच पाठवते.

एकदा कायम झालास की लग्नाचं बघते. सटाण्याची एक मुलगी आहे, पण होडीवाला म्हटल्यावर तिचे वडील विचारात पडलेत. नोकरीवाला म्हणायची सोय कर.

आबांना नमस्कार. जपून राहा, तेवढ्यात सगळं आलं.
तुझी,
ताई


गंगापूर धरण,
ता. ५ जानेवारी २०००

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.

भाऊजींची डॉली काय झाली आहे म्हणून सांगू! आधी चार माणसं लागायची, आता मी एकटा होडी उतारावरून नेतो. साहेबांनी स्वतः ढकलून बघितली.

मखरही भरलं. वरून फायबरचं कापड आणि ते चिकटवणारं रेझिन चोपडलं. लावताना आतून जरा चुरचुर आवाज आला आणि वास फार सुटला, पण रेझिन सुकताना तापतंच. वरून ठिगळ दगडासारखं झालंय. तुझ्या डोक्याला मानलं.

रविवारी साहेबांसमोर पाण्यात घालतो. आबांना ये म्हटलं, तर मला खुडणी आहे म्हणाले. पण येतील, मला माहीत आहे.

आशीर्वाद रविवारच्या आत पोचू दे.
तुझा,
जीवन


देवळा,
ता. २ फेब्रुवारी २०००

ती. आबांच्या चरणी मनीषाचा शि. सा. नमस्कार.

वर श्री लिहायला हात उठला नाही. जीवनचं सगळं करून परत आले, पण मन तिथेच आहे. तुम्ही काठावर उभे होतात, तुमच्या डोळ्यांदेखत होडीचं नाक खाली गेलं आणि तो शिडाखाली अडकला. पट्टीचा पोहणारा पोरगा. क्लबवाले म्हणतात, वारा अंगावर आला आणि याने नको तितकं धाडस केलं. तुम्हीही मला वाराच सांगितलात.

आबा, परवा फायबरच्या टाक्या करणारा एक जण ह्यांच्या दुकानात आला होता. मी सहज विचारलं, तर म्हणाला, रेझिन लागलं की थर्माकोल विरघळतं, पोरंसोरंही असं करत नाहीत. तेव्हापासून मला अन्न जात नाही. मखर मी दिलं. बुडू देणार नाही असं लिहिणारीही मीच.

ती होडी तुमच्या अंगणात आणून टाकली आहे असं कळलं. कप्प्यात मखर आहे की नाही, एवढं बघून कळवा. शिवरात्रीला मी येतेच आहे.

तुमच्या पायाशी जागा असू द्या.
मनीषा


गंगापूर,
ता. १० फेब्रुवारी २०००

जावई चि. भारतराव यांस गोटीरामचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर टाकलं आहे, मनीषाच्या हाती लागू देऊ नका.

होडीचं नाक मी करवतीने कापलं. आत मूठभर चिकट गोळा होता, बाकी सगळं मोकळं. ठिगळाला मागे काहीच नव्हतं, पाण्याच्या दाबाने ते फाटलं. मग नाशकात जाऊन रविवार कारंजावरून नवीन थर्माकोल आणलं आणि कप्पा गच्च भरला. मखर आहे तसंच आहे, कोरडं आहे, असं तिला कळवलंय. शिवरात्रीला आली की दाखवीन.

खोटं बोलणं मला आवडत नाही, हे तुम्ही जाणता. जीवन काही खोटं सांगायचा तेव्हा मी त्याच्यावर चिडायचो, आता चिडायला कुणी नाही. पण तिने भावाच्या भल्यासाठी दिलेल्या वस्तूचं ओझं तिने जन्मभर का वाहावं? मुलगा पाण्याने नेला. मुलगी मी अशी जाऊ देणार नाही.

तुम्ही केलेल्या डॉलीत काही खोट नव्हती, हे मात्र खरं लिहितो. तिला सांभाळा.
गोटीराम


देवळा,
ता. ९ मार्च २०००

ती. आबांच्या चरणी शि. सा. नमस्कार.

काल रात्रीच्या गाडीने पोचलो. तुम्ही कप्पा उघडून दाखवलात, मी आत हात घालून बघितलं. पांढरंशुभ्र, कोरडं थर्माकोल होतं.

आबा, मखराला मी दोन्ही बाजूंनी सोनेरी रंग दिला होता. एकाही तुकड्यावर तो नव्हता. पण कापलेलं झाकण हातात धरून तुम्ही माझ्या तोंडाकडे असे बघत होतात की मला ते विचारवेना. म्हणून म्हणाले, बरं झालं, वाराच होता.

आता तुम्हीही वाराच म्हणत जा. ह्यांना, गावाला, मलासुद्धा. मी एकटी असते तेव्हा मला खरं माहीत आहे, ते तुम्ही पुसू शकणार नाही. पण तुम्ही माझ्यासाठी ती होडी भरत एकटे बसला होतात, हेही मला माहीत आहे. त्या एका गोष्टीवर मी कालपासून दोन घास खाल्ले.

यंदा गणपतीला मखर करणार नाही, असं घरात सांगून टाकलंय. बाप्पा नुसत्या पाटावर बसेल.

खोकल्याचं औषध वेळेवर घ्या. माझ्यावर रागावायचं राहून गेलं असेल, तर तेही करा. माया करायला आता मी एकटीच उरले आहे.

तुमची,
मनीषा