डॉलीच्या ब्रेकची वायर

सोमवार, २ जून
कॅम्पात शेजारी मुक्कामाला असलेल्या लाइलने ब्रेक कंट्रोलर फुकट दिला. फुकटाचा हिशोब असा: त्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची हकिकत, आधी डावा, मग उजवा, माझ्या बायकोने, व्हर्नाने, केलेला चेरीचा अख्खा केक, आणि आपल्या चाकांवरच्या घराला, मोटरहोमला, त्याने ‘डबडं’ म्हटलेलं हसून ऐकणं. स्वस्तात पडला.

रविवारी पंधरा तारखेला माँट्रोजला नातवाचा बाप्तिस्मा आहे. व्हर्नाने झबलं शिवून इस्त्री करून ठेवलंय. मध्ये मोनार्कचा घाट. मोटरहोममागे डॉली, म्हणजे ओढून न्यायचा दोन चाकांचा गाडा, डॉलीवर पुढची चाकं चढवलेली आपली छोटी कार. डॉलीला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत, पण ते लावायचे तर ड्रायव्हरच्या पायापासून, या कंट्रोलरमधून, शेपटापर्यंत वायर हवी. ती नाही. व्हर्नाने जाहीर केलंय की ब्रेकशिवाय एवढं लटांबर घेऊन ती घाट उतरणार नाही.

दोन दिवसांचं काम. मी हातात पोछा घेऊन धंद्याला सुरुवात केली आणि प्युएब्लोत चार लॉन्ड्र्या उभ्या केल्या. तिथलं सगळं वायरिंग स्वतः. मेकॅनिकला कधी दारात उभं केलं नाही. व्हर्नाला सांगितलं, घाट उतरताना तुझ्या कपातली कॉफी सांडणार नाही. ती म्हणाली, बघू.

मंगळवार, ३ जून
डॅशबोर्ड उघडला. आत चार रंगांच्या वायरींची एक जुडी नुसतीच लोंबत होती. टोकाला प्लग, प्लग कशातच नाही. कारखान्यातल्या लोकांचा गबाळेपणा. अगदी मुळापासून कापून टाकली. जागा कशी लख्ख झाली. व्हर्नाने त्या जुडीने पायरीजवळच्या कुंडीतला टोमॅटो काठीला बांधला. माझ्या हातून काही वाया जात नाही.

बुधवार, ४ जून
गाडीखाली शिरलो. इथली रीत अशी की कोणी गाडीखाली शिरला, की सगळा कॅम्प आपापली घडीची खुर्ची घेऊन येतो. मला फक्त बूट दिसत होते. सात जोड. एका बुटाचं मत, वायर जाड हवी. दुसऱ्याचं मत, जास्त जाड हवी. लाइलचे बूट म्हणाले, “ऑर्विल, खाली झोप लागली तर सांग, आम्ही जेवायला जातो.”
लक्ष दिलं नाही.

शुक्रवार, ६ जून
वायर हातभर कमी पडली. माप अचूक होतं. आतून, गालिच्यावरून, सरळ रेषेत घेतलेलं. पण खाली पाण्याची टाकी आहे, ॲक्सल आहे, वायरीला वळसे घालावे लागतात. ही चूक गाडी बनवणाऱ्याची.

रविवार, ८ जून
जोडणी पूर्ण. चाचणी. मी पेडल दाबलं, मागून लाइल ओरडला, डॉलीची चाकं घट्ट धरली. टाळ्या झाल्या. व्हर्नाने खिडकीतून विचारलं, पाय काढल्यावर काय होतं? पाय काढला. तशीच घट्ट. किल्ली काढली. तशीच घट्ट. पेडल दाबल्यावरच जिच्यात वीज येते ती वायर सोडून मी जिच्यात कायम असते ती पकडली होती. तपासायला गाडी पुढे घेतली, तर कॅम्पच्या रस्त्यावर ऑफिसपर्यंत दोन काळे पट्टे उमटले.
लाइल म्हणाला, “ब्रेक झकास आहेत. आता सोडवायचे कसे तेवढं शोध.”
निश्चय: उद्यापासून प्रेक्षक बंद.

मंगळवार, १० जून
ती वायर बदलली. प्रेक्षक होतेच, लाइलने छत्रीही आणली होती. आता डावा इंडिकेटर लावला की डॉली ठेका धरते. धरते, सोडते, धरते, सोडते. मागच्या प्लगमध्ये दोन वायरींची अदलाबदल झाली असावी. व्हर्नाला समजावलं की माँट्रोजपर्यंत डावी वळणं फारशी नाहीत. तिने झबल्याला परत इस्त्री केली.

गुरुवार, १२ जून
अदलाबदल दुरुस्त केली. आता मोटरहोमचे मागचे दिवेच लागत नाहीत. प्रगती आहे, कारण ठेका थांबला.

संध्याकाळी लाइल टोमॅटोचं कौतुक करायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. म्हणाला, हा प्लग कुठला रे? कंट्रोलर मागितला. प्लग कंट्रोलरच्या पाठीत टक्कन बसला. शेपटापर्यंतचं सगळं वायरिंग कारखान्यातूनच आलेलं होतं. फक्त ही जुडी खोचायची होती.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

व्हर्नाने कात्री आणून टोमॅटो सोडवला आणि सुतळीने बांधला. जुडी परत जोडावी म्हटलं, तर तिची उरलेली टोकं भोकातून आत निसटलीत. मी नेहमीच सफाईने कापतो. अख्खा डॅशबोर्ड काढावा लागेल. गावातल्या मेकॅनिकला फोन केला, केवळ त्याचं मत घ्यायला. पुढच्या बुधवारी येईन म्हणाला.

शनिवार, १४ जून
सकाळी व्हर्नाने लाइलला हाताशी घेऊन कार डॉलीवरून खाली उतरवली. झबलं मागच्या सीटवर हँगरला अडकवलं. किल्ली मागितली. मी म्हटलं, व्हर्ना, विचार कर, घाट आहे, लग्न झाल्यापासून तू हायवेवर स्टिअरिंग धरलेलं नाहीस.
ती म्हणाली, “धरू कोणी दिलं? आणि या गाडीला ब्रेक आहेत, ऑर्विल. पेडल दाबलं की लागतात, सोडलं की सुटतात. बस आता.”
बसलो. ती एकटी गेली असती तर घाटात तिला धीर कोणी दिला असता?

रविवार, १५ जून, माँट्रोज
बाप्तिस्मा झाला. झबलं थोडं मोठं झालं, पोर त्यात झोपून गेलं. मुलीने विचारलं, बाबा, मोटरहोम कुठाय? मी सांगितलं, कामात आहे.

काल पूर्ण घाटभर मी व्हर्नाला वळणं आधी सांगत होतो. तिने मध्येच आपला कॉफीचा कप माझ्या हातात दिला आणि धरून बसायला सांगितलं.

कॉफी सांडली नाही.