रुंद पडदा आणि आबांचा पाय

१९ मे

आबा लठ्ठ दिसतायत! डोकं चपटं, पोट हंड्यासारखं. आणि हे तिशीतले आबा, तेव्हा त्यांच्या बरगड्या मोजता यायच्या. सुरियानी माझ्या खांद्यावरून डोकावली आणि हसत सुटली. "ताई, हा नवरीचा बाप आहे की पाणघोडा?"

जुन्या कॅसेटचं चित्र चौकोनी, लग्नाच्या हॉलमधला नवा पडदा रुंद. पडदा भरायला सांगितला की सॉफ्टवेअर चित्राला दोन्ही बाजूंनी ओढतं.

सुरियानीची हौस – लग्नाच्या जेवणाआधी पाच मिनिटं दोन्ही व्याही तरुणपणी कसे होते ते दाखवायचं. आबा ताक्राव खेळताना, आणि तिचे होणारे सासरे रोस्दी मास्तर त्याच मॅचचे पंच. त्याच मॅचचे! तिला वाटतं लोक हसतील आणि जुनं सगळं विरून जाईल.

मला नाही वाटत.

२० मे

ताणायचं नसेल तर कापायचं. रुंदी भरताना वरचं-खालचं मिळून पाव चित्र जातं. वरचं राखलं तर पाय गेले. खालचं राखलं तर चेंडू गेला, डोकी गेली. ताक्राव म्हणजे पायाने चेंडू जाळीपार मारायचा खेळ – मग उरलं काय?

आई शेंगा मोडत होती. म्हणाली, "पायच काप. त्या पायापायी काय कमी झालंय आपल्या घरात?"

खरंच आहे. जिल्ह्याची फायनल, शेवटचा पॉईंट, सर्व्हिस आबांची. लाथ बसेपर्यंत सर्व्हिसवाल्याचा एक पाय वर्तुळात टेकलेला हवा. मास्तरांनी शिट्टी फुंकली – पाय बाहेर! कप पलीकडच्या गावाला गेला. त्या दिवसापासून आबांनी मास्तरांशी बोलणं टाकलं. मशिदीत एका रांगेत उभे राहतात, पण सलाम नाही की काही नाही.

मामाने काढलेली ही कॅसेट गावाने आमच्या टीव्हीवर किती वेळा पाहिली असेल! पण चित्र घोट्यापाशीच संपतं. "तुझ्या भावाने कॅमेरा वीतभर खाली धरला असता तर!" – आईला हे इतकी वर्षं ऐकावं लागतंय.

आणि सुरियानीला आवडला कोण? मास्तरांचा फाधली!

२२ मे

कॉफी सांडली कीबोर्डवर. पुसायचं पण सुचेना.

अलोर स्तार शहरातल्या दुकानातून कॅसेटची डिस्क करून आणली होती ना, तिच्यात चित्र जास्त आहे. टीव्हीवर दिसायचं त्याहून जास्त! दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "जुने टीव्ही कडा गिळायचे बाई. चौकटीमागे थोडं चित्र दडायचंच. कॉम्प्युटरवर सगळं दिसतं."

खाली बोटभर पट्टी जास्तीची. पण त्या पट्टीत चुन्याचं वर्तुळ आहे. आणि आबांचा डावा पाय.

एकेक चित्र पुढे सरकवत पाहिलं. मागे नेलं, पुन्हा पाहिलं. टाच उचललेली, पण चवडा टेकलेला. रेघेच्या आत. लाथ बसते तेव्हाही आत.

आबांची काही चूक नव्हती!

आनंद व्हायला हवा. पण हे पडद्यावर दिसलं तर सगळ्या पाहुण्यांदेखत रोस्दी मास्तरांचं काय होईल? त्यांच्याच मुलाच्या लग्नात?

२३ मे

कोणाला सांगितलं नाही. आबा जेवताना समोर होते. मी ताटातून मान वर केली नाही.

२५ मे

सुरियानीला सांगितलं. दाखवलंही. तिचं हसू मावळलं.

"खालचं काप, ताई."

"आबांवर अन्याय झाला होता गं."

"म्हणून माझ्या लग्नात न्यायनिवाडा करणार? उद्या मला त्या घरात राहायचंय, तुला नाही!"

"आणि आबा?"

"आबांना सवय झालीये."

असं कसं बोलली ही! पण मग रडायला लागली. मी कापलं. वरचं राखलं, खालचं टाकलं. आबा आता गुडघ्यांपर्यंतच आहेत.

२८ मे

लग्नाच्या स्वयंपाकाची कामं वाटून घ्यायला संध्याकाळी शेजारपाजारचे पुरुष ओटीवर जमले होते. कोणी भात घ्यायचा, कोणी फणसाचं कालवण. मधेच आबांचा आवाज चढला. "सिनेमा दाखवतायत म्हणे माझा! दाखवा. पण शेवटचा पॉईंट पुरता दाखवायचा. नाहीतर मी मांडवात पाय ठेवणार नाही!" एकाने उगाच खोकून घेतलं.

नंतर मीच हाक मारली. म्हटलं काय व्हायचं ते आत्ताच होऊ दे. "आबा, बघून घ्या एकदा."

ते दारातच उभे राहिले. "डोळ्यांना झोंबतं ते." मग हळूच – "पाय दिसतो त्यात?"

"रुंद करताना खालचं जातं, आबा."

मी वादळाची वाट बघत होते. पण ते नुसतं "हं" म्हणाले आणि कोंबड्या कोंडायला गेले. वाचले! इतक्या सहज कशी वाचले?

१ जून

आज रोस्दी मास्तर घरी आले. आबा बाजारात गेलेत हे बघूनच आले असणार. देण्याघेण्याची तबकं कशी मांडायची ते आईला विचारलं, कॉफी घेतली, आणि माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे.

"माझनाह, फाधली म्हणाला तुझ्याकडे पूर्ण चित्र आहे."

म्हणजे सुरियानीने त्याला सांगितलं!

"दाखव बाळा."

"राहू द्या ना मास्तर. जुनं झालं ते."

"माझ्यासाठी नाही झालं."

दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं. "परत लाव." परत लावलं. मग खुर्चीत बसले. आई दारात हात पुसत उभी.

"मला टाच उचललेली दिसली," ते म्हणाले. "तेवढ्यावर फुंकली शिट्टी. घरी जाताना मनात आलं, चवडा तर बघितलाच नाही आपण. पण एकदा फुंकलेली शिट्टी..."

जाताना म्हणाले, "लग्नात पाय दाखव. मी उठून बोलेन. आणि तुझ्या आबांना आधी सांगू नकोस. सगळ्यांदेखत चुकलो, सगळ्यांदेखतच सांगू दे."

४ जून

केलं. दोन बाजूंना काळ्या पट्ट्या, मधे चित्र जसंच्या तसं चौकोनी. काही ताणलं नाही, काही कापलं नाही. इतकं सोपं होतं!

सुरियानी बोलत नाहीये. हाताला मेंदी लावताना तोंड भिंतीकडे. "झालं तुझ्या मनासारखं?" एवढंच म्हणाली.

आई नमाजाच्या चटईवरून उठतच नाहीये.

६ जून

झालं लग्न. नीट आठवून लिहिते.

हॉल भरलेला. दिवे मालवले. आबा पडद्यावर आले तसे लोक ओरडले – काय बारीक होता रे! हशा, शिट्ट्या. आबा पहिल्या रांगेत, नवी रेशमी लुंगी, मखमली टोपी, पण पडद्याकडे बघतच नव्हते. स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते.

शेवटचा पॉईंट आला. पडद्यावरचे आबा वर्तुळात उभे राहिले. रोस्दी मास्तर खुर्चीतून उठले, टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "मंडळी, मला एक सांगायचंय..."

आबांनी मान वर केली, पडद्यावरचं वर्तुळ बघितलं आणि उठले!

तरातरा गेले आणि प्रोजेक्टरच्या उजेडासमोर उभे राहिले. पडदाभर त्यांचीच सावली. चित्र गेलं, वर्तुळ गेलं, सगळं गेलं.

"बसा मास्तर," आबा म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! "खेळ होता तो. भात निवतोय, माणसं भुकेली आहेत. व्याही म्हणून चला, आधी तुमचं ताट."

क्षणभर कोणाला कळेचना. मग टाळ्या! फाधलीने मशीन बंद केलं. मास्तर आबांचा हात सोडीनात. सुरियानी सगळ्या शृंगारासकट रडली, नंतर येऊन माझ्या गळ्यात पडली. सगळे एकच म्हणत होते – काय मोठं मन माणसाचं! मलाही तेच वाटलं. आबांचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

७ जून

सकाळी घरापुढचा मांडव सोडवत होतो. आबा दोराची गाठ काढत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाय कुठे होता?"

"आत, आबा. चवडा पूर्ण आत."

"खरं?"

"खरं. मास्तरांनी पण बघितलं."

गाठ तशीच हातात.

"मला त्याच दिवशी वाटलं होतं," ते म्हणाले, "बाहेर गेलाय म्हणून."